मागे घेतलेली आवृत्ती

एकाच मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती आणि त्यांच्यामागे दोन सख्ख्या भावांचे संसार. सासूबाई झोपायला थोरल्याकडे आणि दुपारच्या चहाला धाकट्याकडे असायच्या, त्यामुळे इकडची बातमी तिकडे पोचवायला फोनची गरज पडत नसे. दोन्ही सुना प्रोग्रामर. मोठीला घरात आणि इमारतीतही सगळे थोरली म्हणत, लहानीला धाकटी. खरी नावं वीजबिलापुरती उरली होती; इंटरनेटवरच्या खात्यांनाही दोघींनी हीच नावं दिली होती.

थोरलीचा जीव एका गोष्टीत अडकलेला होता, आणि ती गोष्ट तिनं स्वतः घडवली होती. धाकटी या घरात यायच्या कितीतरी आधी तिनं 'निरोप' लिहिला. निरोप म्हणजे पायथन या संगणकभाषेतली एक लायब्ररी, तयार कोडचं गाठोडं. कुणीही फुकट उतरवून घ्यावं आणि आपल्या कामाला लावावं. एखाद्या दवाखान्याच्या वेबसाइटला अपॉइंटमेंटची नोंद दुसऱ्या सर्व्हिसकडे पाठवायची असते, मध्येच नेटवर्क अडखळतं, उत्तर येत नाही. अशा वेळी जरा थांबून पुन्हा विचारायचं, तरी उत्तर नाही आलं तर आणखी थोडं जास्त थांबायचं, आणि उगाच कुणाच्या मागे लागायचं नाही, एवढं काम निरोप करायचा. थोरलीनं तो आधी तिच्या कंपनीसाठी लिहिला, मग कंपनीच्या परवानगीनं सगळ्यांसाठी खुला केला. बघता बघता कुठल्या कुठल्या देशांतले लोक तो वापरायला लागले.

रोज सकाळी नवरा डबा घेऊन बाहेर पडला की थोरली खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची आणि आपलं ऑफिसचं काम सुरू होईपर्यंत निरोपची देखभाल करायची. लोकांच्या तक्रारी वाचायच्या, चुका शोधायच्या, कुणी पाठवलेला बदल तपासून आत घ्यायचा, अधूनमधून नवी आवृत्ती बाहेर सोडायची. यातून एक पैसा मिळत नसे. नवरा गमतीनं म्हणायचा की जगाला एक बिनपगारी कामवाली मिळाली आहे. थोरली हसून सोडून द्यायची, कारण प्रकल्पाच्या पानावर सगळ्यात वर, देखभाल करणाऱ्याच्या रकान्यात, तिचं एकटीचं नाव होतं, आणि त्याचं मोल नवऱ्याला समजावून सांगण्यासारखं नव्हतं.

धाकटी लग्न होऊन आली, घरात रुळली, आणि एक दिवस चहाचा कप हातात घेऊन थोरलीच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, वहिनी, मी यात थोडा हातभार लावू का. थोरलीला बरं वाटलं. आपल्या कामाचं कुणाला तरी अप्रूप आहे, तेही घरातल्या माणसाला. पण नव्या सुनेच्या हाती पहिल्याच दिवशी कपाटाच्या किल्ल्या देत नाहीत, त्याच बेतानं तिनं धाकटीला माहितीची पानं नीट करायला दिली. निरोप कसा वापरायचा हे सांगणारी ती पानं थोरलीनं घाईघाईत लिहिली होती आणि त्यांना हात लावायचा तिला कंटाळा यायचा.

धाकटीनं ती पानं अशी काही लिहून काढली की लोकांनी तिचे आभार मानायला सुरुवात केली. आजवर थोरलीच्या वाट्याला तक्रारीच यायच्या. हे चालत नाही, ते तुटलं, कधी दुरुस्त करणार. आता त्याच पानावर माणसं लिहू लागली की उदाहरणं वाचून पहिल्यांदाच सगळं कळलं, धाकटीचे मनापासून आभार. थोरली ती प्रत्येक ओळ वाचायची. 'छान झालं' असं धाकटीला तोंडदेखलं म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच आवाज करत लावायची.

त्याच सुमाराला धाकटीनं सासूबाईंच्या फोनवरची अक्षरं मोठी करून दिली. झालं, सासूबाईंनी ते इमारतभर सांगितलं. आजवर त्यांना प्रत्येक मेसेज वाचून कोण दाखवत होतं, ते मात्र त्यांना आठवलं नाही. थोरलीला आपलंच हसू आलं, एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घ्यायचं. पण लागलं ते लागलंच.

पुढे धाकटी कोडमध्येही शिरली. तिच्या हाताला सफाई होती. थोरली ज्या चुकीवर आठवडाभर डोकं आपटायची तिचं मूळ धाकटी ऑफिसातून येऊन, पायातल्या चपला काढता काढता सांगायची. आणि वर इतकी गोड की तिच्यावर रागावायलाही जागा नाही. थोरलीला वाटायचं, हिनं एकदा तरी उद्धट बोलावं, एकदा तरी मोठी चूक करावी, म्हणजे आपल्या पोटात दुखतं त्याला काही कारण तरी मिळेल.

मग एका मोठ्या संमेलनाचं आमंत्रण आलं. जगभरचे पायथनवाले जमणार होते आणि आयोजकांना निरोपवर भाषण हवं होतं. आमंत्रण धाकटीला आलं. ती लॅपटॉप तसाच उघडा घेऊन समोरच्या दारातून इकडे आली आणि म्हणाली की यांचा काहीतरी घोळ झालाय, जायला तुम्हीच हव्यात, नाहीतर आपण दोघी जाऊ. थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, मला कुठला वेळ, तूच जा. धाकटीनं दोनदा विचारलं, मग मान डोलावून गेली. ती तिसऱ्यांदा विचारेल म्हणून थोरली हातातली घडी मोडून पुन्हा घालत राहिली. तिनं विचारलं नाही. त्या दिवसापासून थोरलीच्या मनात पक्कं बसलं की हिला खरं तर एकटीलाच जायचं होतं.

धाकटी जाऊन भाषण देऊन आली. त्याचा व्हिडिओ सगळ्या घरानं मिळून पाहिला. दिरानं मध्येच थांबवून बायको कशी दिसतेय ते सगळ्यांना दाखवलं. भाषणात धाकटीनं थोरलीचं नाव अगदी सुरुवातीला, आदरानं घेतलं होतं. थोरलीला तो आदर भिंतीवरच्या फोटोला घातलेल्या हारासारखा वाटला.

त्यानंतर काही महिन्यांनी पायथनची नवी आवृत्ती येऊ घातली. तिच्यातून एक जुना भाग कायमचा काढून टाकणार असल्याचं आधीच जाहीर झालं होतं, आणि निरोप नेमका त्याच भागावर टेकलेला होता. धाकटीनं वेळेत मोठा बदल तयार करून थोरलीपुढे ठेवला. जुन्या भागाची जागा तिनं नव्या पद्धतीनं भरली होती आणि जाता जाता आणखी एक जुनं दुखणं बरं केलं होतं. शेवटचा शब्द अजून थोरलीचा होता. बदल आत घ्यायचं बटण तिच्याकडे, नवी आवृत्ती बाहेर सोडायची किल्ली तर फक्त तिच्याचकडे.

थोरलीनं खुसपटं काढायला सुरुवात केली. या फंक्शनचं नाव लांब आहे. ही फाइल वेगळी कशाला. इथे रिकामी ओळ जास्त झाली. धाकटी प्रत्येक शेऱ्यानुसार दुरुस्ती करून परत पाठवायची आणि थोरली त्यात नवा शेरा शोधायची. एकदा धाकटीनं दारातच विचारलं की वहिनी, मोठी अडचण काही आहे का, असेल तर सरळ सांगा. थोरली म्हणाली, घाई काय आहे, लोक लगेच थोडेच नव्या पायथनवर उड्या मारणार आहेत.

लोकांनी उड्या मारल्या. नवं पायथन आलं त्या सकाळी थोरली टेबलाशी बसली तर तक्रारींचा ढीग लागलेला. निरोप सुरूच होत नाही. कुणाची तिकिटं अडकली होती, कुणाच्या ग्रंथालयाची वेबसाइट बंद पडली होती. एकानं लिहिलं होतं की दुरुस्ती तर इथेच कधीची तयार पडून आहे, ती बाहेर का सोडत नाहीत. त्याखाली दुसऱ्यानं उत्तर दिलं होतं: 'सूत्रं धाकटीच्या हाती असती तर ही वेळ आली नसती.'

थोरलीनं ती ओळ दोनदा वाचली. धाकटी ऑफिसला गेलेली होती. करायचं होतं ते एवढंच, बटण दाबायचं, धाकटीचा बदल आत घ्यायचा आणि आवृत्ती बाहेर सोडायची. तिनं बटणावर बोट नेलं आणि तिला पुढचं सगळं दिसलं. वर धाकटीचं नाव, खाली आभारांची रांग, आणि पुन्हा एकदा घरभर कौतुक. तिनं हात मागे घेतला.

मग तिनं धाकटीचा बदल एका बाजूला उघडा ठेवला आणि दुसऱ्या बाजूला तो स्वतः टाइप करायला घेतला. ओळी थोड्या मागेपुढे केल्या, नावं बदलली. धाकटीनं काढलेली ती वेगळी फाइल तिला नुसता दिखाऊपणा वाटत होती. तिच्यातला मजकूर तिनं मुख्य कोडमध्येच बसवून टाकला आणि त्या फाइलसोबतची टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा तुकडा, सरळ गाळली. जुन्या टेस्ट चालवून पाहिल्या, सगळ्या पास झाल्या. स्वतःच्या नावानं तिनं नवी आवृत्ती बाहेर सोडली, आणि धाकटीच्या बदलाखाली 'आता गरज उरली नाही' असं लिहून तो बंद करून टाकला.

दुपारपर्यंत आभार येऊ लागले. किती झटपट काम, धन्यवाद. इतक्या वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. तिनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. आनंद होत होता, पण दुसऱ्याची साडी नेसून मिरवताना होतो तसा, सारखा पदर सावरावा लागत होता.

संध्याकाळी धाकटी जिना चढून आली तेव्हा थोरली मुद्दाम दारातच उभी होती. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि सरळ आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं. जेवताना सासूबाईंनी विचारलं की धाकटीचं काही बिनसलंय का. थोरली म्हणाली, ऑफिसात दमली असेल.

दुसऱ्या दिवशी एका दातांच्या दवाखान्याचं गाऱ्हाणं आलं. त्यांच्याकडे एका आजोबांनी एकदाच अपॉइंटमेंट मागितली होती, पण नोंदी झाल्या कितीतरी. त्यांचा सगळा दिवस त्या एकट्या आजोबांनी भरून गेला होता आणि दात ठणकत असलेली माणसं जागा नाही म्हणून परत जात होती. लिहिणारीनं वैतागून विचारलं होतं की या गृहस्थांना तोंडात दात तरी तेवढे आहेत का. मागोमाग तशाच आणखी तक्रारी आल्या. जिथे जिथे नेटवर्क अडखळत होतं तिथे तिथे एकाच मागणीच्या अनेक मागण्या होत होत्या.

थोरलीनं कोड वरून खाली वाचला, खालून वर वाचला. चूक सापडेना. स्वतः विचार करून लिहिलेल्या कोडमध्ये ती डोळे मिटूनही फिरू शकत होती. हा कोड मात्र तिनं नुसता उतरवला होता आणि आता त्यातले कोपरे तिला अनोळखी होते.

त्या दिवशी धाकटी घरूनच काम करत होती. समोरचं दार उघडं होतं आणि किबोर्डचा आवाज येत होता. दोन दारांमध्ये चार पावलांचीही जागा नव्हती, पण थोरलीला ती ओलांडायला बराच वेळ लागला. आत धाकटी जेवणाच्या टेबलाशी पाठ करून बसली होती.

थोरली म्हणाली, "दवाखान्याचं वाचलंस का?"

"टोकन लूपच्या आत गेलंय," धाकटी मागे न बघता म्हणाली.

थोरलीला क्षणभर उलगडा झाला नाही. मग धाकटीनं खुर्ची वळवली आणि कोरड्या आवाजात समजावलं. प्रत्येक मागणीला एक टोकन द्यायचं असतं, म्हणजे तीच मागणी पुन्हा गेली तर समोरचा ओळखतो की ही जुनीच आहे आणि दुसरी नोंद करत नाही. ते टोकन एकदाच, पहिल्या प्रयत्नाच्या आधी बनवायचं. म्हणून तिनं ते वेगळ्या फाइलीत ठेवलं होतं. थोरलीनं ते लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडच्या आत बसवलं आणि प्रत्येक प्रयत्नाला नवं टोकन मिळू लागलं. समोरच्याला प्रत्येक वेळी वाटलं की हे नवीन गिऱ्हाईक आहे. थोरलीनं गाळलेली टेस्ट नेमकी हेच तपासत होती.

"तुला कधी कळलं?"

"काल. ट्रेनमध्ये बसल्या बसल्या दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

धाकटीचा चेहरा लाल झाला. "तुम्ही मला विचारून घेतलं होतंत का, वहिनी? नाव हवं होतं तर मागायचं होतंत. मी दिलं असतं. असं मला न सांगता उचलून न्यायची काय गरज होती?"

थोरलीला वाटलं होतं की असा प्रसंग आलाच तर आपण काहीतरी सणसणीत बोलू, वय, अनुभव, निरोपपायी खर्ची घातलेल्या सगळ्या सकाळींचे दाखले देऊ. प्रत्यक्षात ती टेबलाच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "लोक तुझे आभार मानतात ना, ते मला बघवत नाही. खूप दिवसांपासून बघवत नाही."

धाकटी खालच्या आवाजात म्हणाली, "आणि मला काल चूक दिसली तेव्हा आनंद झाला. म्हटलं, होऊ दे फजिती. त्या दवाखान्यातल्या लोकांचा विचारच आला नाही मनात."

मग धाकटीच उठली आणि दुसरी खुर्ची ओढून तिनं आपल्या शेजारी लावली. दाढ ठणकणारी माणसं ताटकळत होती, तेव्हा रुसायला सवड नव्हती.

आधी थोरलीनं स्वतःच्या नावाची आवृत्ती मागे घेतली. एकदा बाहेर पडलेली आवृत्ती पुसता येत नाही. तिच्यावर 'मागे घेतलेली, वापरू नये' असा शिक्का बसतो आणि तो कायम तिथेच राहतो. तो शिक्का मारताना तिला कारण लिहावं लागलं. तिनं लिहिलं की ही दुरुस्ती मुळात धाकटीची होती, मी ती माझ्या नावानं आणि अर्धवट उतरवली, चूक माझी आहे. धाकटी म्हणाली, एवढं सगळं लिहायलाच हवं असं नाही. थोरलीनं ते पाठवून टाकलं, कारण आणखी थोडा वेळ गेला असता तर तिनं नक्की खोडलं असतं. मग धाकटीचा मूळ बदल आत घेतला, टेस्ट चालवल्या, आणि आवृत्ती बाहेर सोडायची वेळ आली तेव्हा थोरलीनं धाकटीच्या खात्यालाही किल्ली देऊन टाकली आणि लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

किल्ली देताना तिला अजिबात मोठं मन झाल्यासारखं वाटलं नाही. दाढ उपटून घेतल्यासारखं वाटलं. धाकटीनं बटण दाबलं. थोड्या वेळानं दवाखान्यातून उत्तर आलं की आता सगळं ठीक आहे आणि आजोबांना एकच अपॉइंटमेंट उरली आहे.

पानावर लोक जे बोलायचं ते बोलले. दोघातिघांनी थोरलीला धारेवर धरलं. एकानं लिहिलं की असं उघड कबूल करणारे कमीच. बहुतेकांनी नवी आवृत्ती उतरवून घेतली आणि ते आपापल्या कामाला लागले. घरात फक्त सासूबाईंना काहीतरी शिजलं होतं याचा वास आला, पण दोघी सुना एका टेबलाशी बसलेल्या पाहून त्यांनी खोदून विचारलं नाही.

हेवा काही त्या दिवशी संपला नाही. पुढच्याच आठवड्यात कुणीतरी धाकटीचं कौतुक केलं आणि थोरलीच्या छातीत पुन्हा तीच जुनी कळ उठली. फरक इतकाच की आता ती उठून भांडी आपटायला जात नसे. सुटीच्या दिवशी दुपारी ती चहाचा थर्मास घेऊन समोरच्या दारात गेली आणि म्हणाली, तुझा तो बदल मला पहिल्यापासून समजावून सांग, मी तेव्हा त्यातल्या फक्त रिकाम्या ओळी मोजल्या होत्या.

धाकटी एकेक फाइल उघडत गेली. थोरली मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती. एके ठिकाणी तिनं खरीच चूक दाखवली आणि धाकटीनं ती कबूल केली. पुढे एक ओळ आली. थोरलीनं वर्षानुवर्षं पानभर कोडमध्ये जे कसंबसं साधलं होतं ते धाकटीनं त्या एका ओळीत केलं होतं, आणि ते इतकं सरळ होतं की दुसऱ्या कुठल्या प्रकारे ते लिहिता येईल असं वाटूच नये. थोरली त्या ओळीकडे बघत राहिली. तिला ती ओळ इतकी आवडली की तिला राग आला.

"ही मला सुचायला हवी होती," ती म्हणाली.

धाकटी काहीतरी गोड बोलून समजूत घालेल असं थोरलीला वाटलं. धाकटीनं कपातला चहा संपवला आणि सरळ सांगून टाकलं, "हो. हवी होती."

थोरलीला ते झोंबलं, आणि पाठोपाठ हसू फुटलं, इतकं की आतल्या खोलीतून दीर काय झालं म्हणून डोकावून गेला. तिनं दोघींचे कप पुन्हा भरले आणि पुढची फाइल उघडायला सांगितली.